सोर्सवरून बसवलेलं एफएफएमपेग: काम चोख, पण काढताना नाकी नऊ

डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर गेले आणि एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायची एक नवी पद्धत) व्हिडिओ चालेनासे झाले. बाकी सगळं ठणठणीत. एच.२६४ चालतंय, गाणी वाजतायत, फक्त एव्ही१ फाइल उघडली की आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा पडदा. टर्मिनलमधून प्लेअर चालवला तर तक्रार अशी की तुमच्या मशीनवर एव्ही१ चं हार्डवेअर डिकोडिंग नाही. मशीन जुनं आहे, त्यात ते नव्हतंच. पण अपग्रेडच्या आदल्या दिवसापर्यंत याच फाइली प्रोसेसरच्या जोरावर व्यवस्थित चालत होत्या. प्लेअर काढून परत टाकला, सेटिंग्ज पुसल्या, फरक शून्य.

शेवटी प्लेअरवर एलडीडी (प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी कुठून मिळतात ते दाखवणारी आज्ञा) चालवलं आणि कारण एका ओळीत समोर आलं. त्याला हवी होती लिबएव्हीकोडेक.एसओ.६१, आणि ती उचलली जात होती /यूएसआर/लोकल/लिब मधून. म्हणजे काही महिन्यांपूर्वी मी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करून बसवलेल्या एफएफएमपेग ७.१ मधून. एफएफएमपेग म्हणजे आवाज-व्हिडिओ बदलण्याचं सॉफ्टवेअर, आणि लिबएव्हीकोडेक ही त्याचीच एन्कोड-डिकोड करणारी लायब्ररी, जी प्लेअरही वापरतात. डेबियनची पॅकेजं सांभाळणाऱ्या डीपीकेजी-एस ला विचारलं ही फाइल कोणाची, तर उत्तर आलं की अशा नावाचं काही आमच्याकडे नोंदलेलंच नाही.

मुळात सोर्सच्या वाटेला का गेले ते सांगते. माझ्याकडे व्याख्यानांची ढीगभर रेकॉर्डिंग्ज आहेत आणि ती मी हे-एएसी (एएसी या ऑडिओ फॉरमॅटचा कमी बिटरेटसाठीचा प्रोफाइल, HE-AAC) मध्ये बदलून ठेवते. ३२ केबीपीएसला तासाभराचं भाषण साधारण १४ एमबीत बसतं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये जवळपास ५८ एमबी खातं. एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर हा प्रोफाइल देत नाही, त्यासाठी फ्राउनहोफरची एफडीके-एएसी लायब्ररी लागते. तिचं लायसन्स जीपीएलशी (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, एफएफएमपेगचे काही भाग त्याखाली येतात) जुळत नाही, त्यामुळे दोन्ही जोडून तयार झालेली बायनरी कोणालाही वाटता येत नाही. म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये ती मिळणारच नाही. स्वतःच्या मशीनवर, स्वतःपुरती बनवायला मात्र आडकाठी नाही. ओपस हा दुसरा ऑडिओ फॉरमॅट का नाही, असं कोणी विचारेल. ओपस कमी बिटरेटला सरसच आहे, पण माझा खिशातला जुना प्लेअर ओपस वाजवत नाही, आणि तो चालतोय तोवर मी दुसरा घेणार नाही.

कंपाइल करण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. लोक उगाच घाबरतात. कंपाइलआधी मशीन तपासणारी एफएफएमपेगची कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेली नाही, त्यांनी हाताने लिहिलेली आहे, आणि ती नीट बोलते. नॅझम (असेंब्ली कोडचा असेंबलर) नसेल तर तिथेच अडून बसते आणि काय हवं ते सांगते. एखादी लायब्ररी सापडली नाही तर नाव घेऊन सांगते, मग त्या नावाचं डेव्ह पॅकेज टाकायचं आणि पुन्हा चालवायचं. नुसती लायब्ररी असून भागत नाही, हेडर आणि पीकेजी-कॉन्फिगची फाइल या डेव्ह पॅकेजमध्येच असतात. तरी अडलंच तर एफएफबिल्ड फोल्डरमधला कॉन्फिग.लॉग तळापासून वर वाचत जायचा, खरी चूक बहुतेक शेवटच्या काही ओळींतच असते. मग प्रत्यक्ष कंपाइल करवून घेणाऱ्या मेक या प्रोग्रॅमला सगळे कोअर द्यायचे. बहुतेक सगळं साधं सी असल्यामुळे माझ्या कमी रॅमलाही ते पेलतं. मोठ्या सी++ प्रोजेक्टला हाच थाट केला तर रॅम संपून कर्नल मध्येच कंपायलर मारून टाकतो, तिथे मेकच्या -जे चा (एका वेळी किती कामं चालवायची) आकडा कमी ठेवावा.

वापरताना तर सोनं. एन्कोडिंगचा वेग छान, आवाज स्वच्छ, महिनोनमहिने एकदाही क्रॅश नाही. गुण द्यायचे तर इथपर्यंत पैकीच्या पैकी.

मग बिघडलं काय? मी कॉन्फिगरला एनेबल-शेअर्ड दिलं होतं, म्हणजे एफएफएमपेग आणि एफएफप्रोब दोघांच्या पोटात तोच कोड दोनदा भरला जात नाही, डिस्क वाचते. डेबियन १२ वर यात काहीच धोका नव्हता. तिथलं एफएफएमपेग ५.१, त्याची लिबएव्हीकोडेक ५९ नंबरची, माझी ६१ ची. दोघी सुखाने नांदल्या. डेबियन १३ ने मात्र स्वतःच ७.१ आणलं, म्हणजे त्यांचीही ६१. आता एकाच नावाच्या दोन फाइली, आणि लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून देणारा) यादीत जी आधी सापडेल ती घेतो. ती यादी /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या फाइलींच्या नावाच्या क्रमाने वाचली जाते. लिबसी.कॉन्फ आधी येते आणि तिच्यात /यूएसआर/लोकल/लिब आहे, सिस्टिमच्या लायब्ररींची जागा तिच्यानंतर. माझी लायब्ररी जिंकली. मी माझ्या एफएफएमपेगला डाव्हिड (प्रोसेसरवर एव्ही१ डिकोड करणारी लायब्ररी, dav1d) जोडलं नव्हतं, कारण मला आवाजाचंच काम होतं. त्याच्याविना एफएफएमपेगचा स्वतःचा एव्ही१ डिकोडर हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालत नाही. म्हणून काळा पडदा.

इथे माझं डोकं फिरलं ते एकाच गोष्टीवर, आणि ती या सगळ्या पद्धतीची खोट आहे असं मी ठामपणे म्हणेन: मेक इन्स्टॉल, म्हणजे तयार फाइली सिस्टिममध्ये कॉपी करणारी आज्ञा, कुठे काय ठेवलं याची नोंदच ठेवत नाही. बायनरी एकीकडे, लायब्ररी दुसरीकडे, हेडर तिसरीकडे, मॅन पेजेस, उदाहरणं, पीकेजी-कॉन्फिगच्या फाइली, सगळं विखरून टाकायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. मेक अनइन्स्टॉल आहे म्हणतात. आहे, पण ते सोर्सच्या त्याच फोल्डरमधून चालवायचं, तेही त्याच प्रिफिक्सने (फाइली ज्या मूळ फोल्डरखाली बसवायच्या तो) कॉन्फिगर केलेल्या. काम झाल्यावर तो फोल्डर कोण जपून ठेवतं? छोट्या एसएसडीवर तो जागा अडवतो, आपण काढून टाकतो. सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या कित्येक प्रोजेक्टमध्ये अनइन्स्टॉल नावाचं टार्गेटच नसतं. तिथे इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी नावाची सुंदर यादी बनते, पण तीसुद्धा बिल्डच्या फोल्डरमध्ये, म्हणजे फोल्डर गेला की यादी गेली. मेझन-निंजा या आणखी एका जोडीचंही तेच, अनइन्स्टॉल आहे पण बिल्ड फोल्डर हवा. भाडेकरूने घर सोडताना चावी कुठे ठेवली ते त्याच घरातल्या कपाटात लिहून ठेवावं, असला हा प्रकार. मेक १९७६ सालापासून आहे. इतक्या वर्षांत बसवलेल्या फाइलींची साधी यादी एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायची रीत का पडू नये?

इथवर लिहून मी पाचपैकी दोन तारे देऊन थांबणार होते. मत बदललं, कारण ते पुसायला बसले तेव्हा एफएफएमपेगने मला खरंच चकित केलं. एफएफएमपेग -व्हर्जन चालवलं की आवृत्तीखाली कॉन्फिगरेशनची अख्खी ओळ छापली जाते: प्रिफिक्स, एनेबल-नॉनफ्री, एनेबल-लिबएफडीके-एएसी, जे जे दिलं होतं ते शब्दशः. बायनरी स्वतःची जन्मपत्रिका सोबत घेऊन फिरते! जुन्या आवृत्त्यांचे टारबॉल (सोर्सची बांधलेली गाठोडी) त्यांच्या साइटवर आहेतच. तीच ७.१ उतरवली, तीच ओळ कॉन्फिगरला दिली, मेक अनइन्स्टॉल, मग लोडरची यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग. एलडीडी पुन्हा पाहिलं तर ६१ आता सिस्टिमच्या जागेवरून. एव्ही१ चालू. बॅश (टर्मिनलमधला शेल) मात्र काही वेळ जुन्याच पत्त्यावर एफएफएमपेग शोधत होतं, हॅश -आर म्हटल्यावर ताळ्यावर आलं. ही सोय करून ठेवणाऱ्यांचे मनापासून आभार. ज्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ नाही, तिथे /यूएसआर/लोकल मध्ये तारखा बघत एकेक फाइल हुडकण्यावाचून गत्यंतर नाही.

हे-एएसी अजूनही लागतंच, म्हणून पुन्हा कंपाइल केलं, पण या वेळी प्रिफिक्स वेगळा: /ऑप्ट/एफएफएमपेग-७.१. शेअर्ड कायम ठेवलं, सोबत एनेबल-आरपाथ दिलं. त्यामुळे हा प्रोग्रॅम आपल्या लायब्ररी आपल्याच फोल्डरमध्ये शोधतो आणि बाकीच्या सिस्टिमला त्यांचा पत्ता लागत नाही. काढायचं तर एक फोल्डर उडवायचा, संपलं. बऱ्याच गोष्टी सोर्सवरून बसवत असाल तर ग्नू स्टो हे साधन बघा. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, /यूएसआर/लोकल मध्ये फक्त सिमलिंक जातात आणि एका आज्ञेत निघतात. रूटचा पासवर्ड टाळायचा असेल तर होममधला .लोकल फोल्डर प्रिफिक्स म्हणून चालतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रिफिक्सने सुटत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या. डेबियनच्या प्रतीला त्या एपीटीतून (डेबियनच्या पॅकेज अपडेटमधून) आपोआप येतात, माझ्या प्रतीकडे मलाच लक्ष द्यावं लागतं. म्हणून बाहेरून आलेल्या अनोळखी फाइली मी सिस्टिमच्या एफएफएमपेगनेच उघडते, माझं फक्त माझ्या रेकॉर्डिंगसाठी. आणि सोर्स म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (लपवलेला घुसखोरीचा कोड) सापडलं, तेव्हा ते चालू करणारी एम४ ही बिल्डची फाइल गिटच्या रिपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त टारबॉलमध्ये घुसवलेली होती. टारबॉल घेताना शेजारची .एएससी सही तरी तपासा. सही करणाराच फितूर असेल तर तिचाही उपयोग नाही, पण वाटेत कोणी फाइल बदलली असेल तर ते कळतं.

सध्या चार तारे. पाचवा राखून ठेवलाय, आणि तो एफएफएमपेगसाठी नाही, मेक इन्स्टॉलसाठी आहे. तुमचा प्रोजेक्ट असेल आणि तुम्ही मेकफाइल लिहीत असाल तर इन्स्टॉलच्या टार्गेटमध्ये दोन ओळी वाढवा: जे जे कॉपी केलं त्याची यादी /यूएसआर/लोकल/शेअर मध्ये प्रोजेक्टच्या नावाने ठेवा. आणि तुम्ही वापरणारे असाल तर आधी मेकच्या डेस्टडिर या पर्यायाला एक रिकामा फोल्डर देऊन मेक इन्स्टॉल करा. सगळ्या फाइली त्यात उतरतात. फाइंडने त्यांची यादी काढून जपून ठेवा, त्यानंतर खरं इन्स्टॉल करा.