फुटबॉल मॅनेजर: आयतं गेगेनप्रेस की कोरं 4-4-2?

‘फुटबॉल मॅनेजर’ या संघ सांभाळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये ‘2019’च्या आवृत्तीपासून खेळाच्या तयार शैली मिळतात. गेगेनप्रेस, म्हणजे चेंडू गमावताच तो परत मिळवायला तुटून पडणं, ही त्यातली नवख्यांची लाडकी. एक क्लिक, की पोरं चेंडूमागे धावत सुटली! जिंकताही येतं, फक्त का जिंकलो ते विचारू नका. सत्तराव्या मिनिटाला सगळ्यांचा दम संपलेला, बचावफळी वर चढलेली, मागे मोकळं रान. एक लांब पास आणि गोल.

शिकायचंच असेल तर माझं मत कोऱ्या 4-4-2 ला: चार बचावात, चार मधल्या फळीत, दोन पुढे. मेंटॅलिटी (संघाने किती आक्रमक खेळायचं ते) ‘बॅलन्स्ड’, सूचना शून्य. आधी मार खाल, खा. मग एका वेळी एकच बदल करायचा आणि पुढचा सामना हायलाइट्सवर न उरकता पूर्ण बघायचा. ‘2024’च्या आवृत्तीत माझ्या डाव्या फुलबॅकची (कडेच्या बचावपटूची) ड्यूटी ‘अटॅक’वरून ‘सपोर्ट’वर आणली, तेव्हा कुठे त्या बाजूचं भगदाड बुजलं.