शोरूमचं कर्ज की आपल्या बँकेचं? दोन्ही करून पाहिलेल्याचा अनुभव

गाडी कुठली घ्यायची हे ठरलं की पुढचा प्रश्न पैशांचा. मी दोन्ही वाटा चाललोय. २०१६ साली पहिली गाडी घेतली तेव्हा कर्ज शोरूममध्येच बसून केलं. २०२४ मध्ये दुसरी घेतली ती आपल्या पगाराच्या बँकेतून मंजुरी काढून. गाव तेच, सांगली. त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांना हे उपयोगी पडेल असं वाटतं. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच. पण शोरूमची बाजू अगदीच पडकी नाही, तेही सांगतो.

सोय बघायची तर शोरूमला तोड नाही. फायनान्सचं टेबल तिथेच असतं, कागद न्यायला माणूस घरी येतो, रविवारी सह्या होतात, आणि फाइल दोन-तीन दिवसांत पास होते. मुहूर्त धरून गाडी हवी असेल तर हा फायदा छोटा नाही. माझ्या बँकेला नऊ दिवस लागले. तीन वर्षांची रिटर्न्स, पगाराच्या स्लिपा, शोरूमचं कोटेशन, पुन्हा एकदा नव्या तारखेचं कोटेशन, आणि मध्ये साहेब रजेवर. ज्याला सुट्टी मिळत नाही त्याला हे जड जातं.

व्याजदरातला फरक लोक समजतात तेवढा मोठा नसतो. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता बसतो १०,३८० च्या आसपास, साडेनऊनं १०,५०० च्या आसपास. म्हणजे अर्ध्या टक्क्यासाठी पाच वर्षांत साधारण ७,३०० रुपये. एवढ्यासाठी बँकेत चार हेलपाटे घालावेत की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त कुणी ‘फ्लॅट’ दर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, सांगत असेल तर तिथे थांबा. सहा लाखांवर ७ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे महिना १३,५०० चा हप्ता. आपल्या नेहमीच्या, घटत्या शिलकीच्या हिशोबानं तो दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. बँक असो की शोरूम, सही करायच्या आधी तो कागद मागून घ्या.

आता मूळ मुद्दा. माझा निर्णय व्याजदरानं झाला नाही. तो एका वाक्यानं झाला: ‘सर, महिन्याला किती जमेल?’

२०१६ मध्ये मी दहा हजार कमी करा म्हणून अडून बसलो होतो. समोरचा मुलगा चांगला होता, अदबीनं बोलत होता. पण मी किंमत विचारली की तो हप्ता सांगायचा. ‘ऑन-रोड किती?’, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, असं म्हटलं की कॅल्क्युलेटरवर बोटं चालायची आणि उत्तर यायचं, ‘आठ हजार सहाशेत बसवतो.’ मी म्हटलं, जास्त होतंय. तो आत मॅनेजरकडे जाऊन आला आणि म्हणाला, ‘तुमच्यासाठी सहा हजार साडेसातशे करून घेतलं.’ माझं सगळं लक्ष हप्त्यात गुंतलेलं. महिन्याला अठराशे पन्नास रुपये वाचले म्हणून मी खूश झालो आणि दहा हजारांचा विषय तिथेच सुटला.

काय झालं होतं? मुदत पाच वर्षांची सात झाली होती, एवढंच. चार लाखांवर साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांत १ लाख १६ हजार व्याज जातं, सात वर्षांत १ लाख ६६ हजार. दहा हजारांसाठी मी भांडत होतो आणि पन्नास हजार जास्तीचे कबूल करून घरी आलो. तीन वर्षांनी कर्ज मिटवायला गेलो तेव्हा हिशोब हातात पडला. २ लाख ४३ हजार भरले होते आणि त्यातलं मुद्दल फिटलं होतं १ लाख ३६ हजार. वर मुदतीआधी फेडायचे पाच टक्के आणि त्यावर जीएसटी, असे पंधरा हजार वेगळे. व्यक्तीनं घेतलेलं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं हे शुल्क लावता येत नाही. पण गाडीचं कर्ज बरेचदा फिक्स्ड दराचं असतं, माझंही तसंच होतं. सही करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या मुलाला दोष देत नाही. शोरूमला प्रत्येक फाइलमागे कर्ज देणाऱ्याकडून पेआउट मिळतो, विम्यावर कमिशन मिळतं, अॅक्सेसरीजवर सुटतं. गाडीवरचं मार्जिन एकट्यानं फारसं राहत नाही, म्हणून त्यांना सगळं एकाच ताटात वाढायचं असतं. अडचण आपली होते. ताट एक झालं की कुठला पदार्थ कितीला पडला ते कळत नाही.

म्हणून २०२४ ला उलटं केलं. आधी बँकेकडून पाच लाखांचं सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र घेतलं आणि मगच भाव करायला शोरूमची पायरी चढलो. पितृपक्ष चालू होता. आई म्हणाली, ‘बोलणी करा, पण पैसे घटस्थापनेनंतरच द्यायचे.’ तेच पथ्यावर पडलं. त्या पंधरवड्यात शोरूम मोकळं असतं, मॅनेजर स्वतः चहा घेऊन बसतो आणि महिनाअखेरीचं टार्गेट डोक्यावर असतं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जाल तर तीच माणसं तुमच्याकडे बघणारही नाहीत.

‘महिन्याला किती जमेल?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आलाच. मी म्हटलं, ‘हप्त्याचं माझं मी बघतो. तुम्ही ऑन-रोड सांगा, ओळ न् ओळ लिहून.’ मग जो कागद आला तो अजून फाइलमध्ये आहे. एक्स-शोरूम ८ लाख ९० हजार. रोड टॅक्स ९७,९००. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे बरोबर. रजिस्ट्रेशन ठीक. त्याखाली विमा ४६ हजार, हँडलिंग चार्जेस ८,५००, ‘एसेन्शियल किट’ १२,९०० आणि नंबर प्लेटचे वेगळे ९००. हप्ता विचारला असता तर यातली एकही ओळ मला दिसली नसती. हँडलिंगची ओळ मी बोटानं दाखवली आणि विचारलं, याची सरकारी पावती मिळेल का? मॅनेजरनं काही न बोलता पेन उचललं आणि ती ओळ खोडली. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि पॉलिशची बाटली होती, तीही काढली. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबतच येते आणि तिचा खर्च किमतीत धरलेला असतो, त्यामुळे ते ९०० पण गेले.

विम्यावर मात्र अडलं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारनं ठरवलेला असल्यामुळे सगळीकडे सारखाच, १००० ते १५०० सीसीला तेव्हा १०,६४०. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तेवढाच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), आणि जुन्या गाडीचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट लावून बाहेर मला ३१ हजारांत पॉलिसी मिळत होती. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, ते तीन वर्षं चालतं. एकट्या विम्यात पंधरा हजारांचा फरक होता. व्याजाच्या अर्ध्या टक्क्याच्या दुप्पट.

शोरूम म्हणालं, बाहेरचा विमा घेतलात तर कॅश डिस्काउंट बसणार नाही. विमा आमच्याचकडे घ्या अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, विमा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत. मी ते शांतपणे सांगितलं आणि विषय मिटला. एक मान्य करतो. त्यांच्याकडूनच पॉलिसी असली की त्यांच्या वर्कशॉपमध्ये क्लेमचं काम बहुधा सुरळीत होतं. माझ्यावर अजून क्लेमची वेळ आलेली नाही, त्यामुळे बाहेरच्या पॉलिसीचा त्या बाबतीतला अनुभव मला नाही.

आणि मग ती गोष्ट घडली ज्यानं पारडं पक्कं झुकलं. सँक्शन लेटर बघून फायनान्सवाले म्हणाले, ‘आमचा दर साडेनऊ आहे, पण तुमच्यासाठी नऊ करून देतो. बँकेत कशाला जाताय?’ मनातून मला बरं वाटलं. बँकेतले पुढचे हेलपाटे वाचले असते. पाच मिनिटांत सुधारलेलं कोटेशन आलं. दर नऊच होता. पण आधी २५ हजार लिहिलेला डिस्काउंट १८ हजार झाला होता. दर कमी करून माझे ७,३०० वाचवले आणि डिस्काउंटमधून ७,००० काढून घेतले. विचारलं तर म्हणाले, ‘सर, स्कीम वेगळी लागते ना.’ असेलही, कंपन्यांच्या स्कीम खरंच वेगवेगळ्या असतात. पण आठ वर्षांपूर्वी हप्त्याच्या आड जे झालं होतं तेच पुन्हा डोळ्यांसमोर होत होतं, फक्त या वेळी दोन्ही आकडे कागदावर होते. मी जुनं कोटेशन पुढे सरकवलं आणि म्हटलं, यावर शिक्का मारा, पैसे बँकेकडून येतील.

घटस्थापनेला बुकिंग केलं, बँकेनं आरटीजीएस केलं, दसऱ्याला गाडी दारात आली. मुदत पाच वर्षं. प्रोसेसिंग फी सणाच्या ऑफरमध्ये माफ होती. मुदतीआधी फेडीची अट अर्जातच तपासून घेतली. पूर्वीचं कर्ज फिटल्यावर आरसीवरचा एचपी, म्हणजे कर्जाची नोंद काढायला एनओसी पुण्याहून पोस्टानं यायची वाट बघावी लागली होती. आता ती माझ्याच शाखेतून मिळेल, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. हा फायदा कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही, पण मला मोलाचा वाटतो.

तरी प्रत्येकानं बँकेतच जावं असं मी म्हणणार नाही. माझ्या मेहुण्याचं किराणा दुकान आहे. रिटर्न्स दोनच वर्षांची आणि उत्पन्न कमी दाखवलेलं. बँकेनं जामीनदार मागितला, त्याला कुणाच्या दारात जायचं नव्हतं. त्याच्यासाठी शोरूमचंच कर्ज योग्य होतं आणि त्यानं ते घेतलं, माझ्यापेक्षा एक टक्का जास्त दरानं. पण मी त्याच्यासोबत गेलो होतो. ऑन-रोडचा आकडा लिहून, सही-शिक्का होऊन खिशात पडेपर्यंत त्यानं कर्ज हवंय हे सांगितलंच नाही. मॅनेजरनं तीनदा विचारलं, ‘फायनान्स की कॅश?’ तो तीनही वेळा एवढंच म्हणाला, ‘आधी भाव ठरू दे.’