पिंपात पाच मिनिटं चाललेलं इंजिन

मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. होड्या शाकारलेल्या असतात आणि याच दिवसांत जुन्या आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनांचे व्यवहार होतात. घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेची घाई असते, भर पावसात खाडीत इंजिन चालवून बघायला कोणी तयार नसतं, आणि विकणारा त्याचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून दाखवतो. खालची हकीकत अशाच एका 40 हॉर्सपॉवरच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकची. 'भंगारातले चांगले पार्ट घालून पूर्ण ओव्हरहॉल' म्हणून ते विकलं गेलं. पिंपात एका दोरीत सुरू झालं, आणि भरल्या होडीला लावल्यावर वीस मिनिटांत खाडीच्या मध्यावर जाम झालं.

भंगारातला पार्ट घालणं म्हणजे फसवणूक नव्हे. होडीला अडकवायचा ब्रॅकेट, टिलर (वळवायचा दांडा), फ्लायव्हील, काउल (वरचं झाकण), कार्बोरेटरची बॉडी हे जुनं खुशाल घ्यावं. काही मॉडेलांना दुसरा मार्गच नाही. पण इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणारं रबरी चाक), ऑइल सील, हेड गॅस्केट, फ्युएल पंपाचा पडदा आणि क्रँकचे बेअरिंग भंगारातून घेऊ नयेत. या इंजिनात नेमकं हेच सगळं जुनं निघालं.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून. विकताना गेजवर दोन्ही सिलिंडर 120 पौंड दाखवत होते. गेज खरं होतं, पण थंड इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतलेलं होतं. ऑइलने पिस्टनच्या रिंगांच्या फटी तात्पुरत्या बंद होतात आणि आकडा चढतो. मागाहून नीट मोजल्यावर वरचा सिलिंडर 115, खालचा 80. नीट म्हणजे असं: इंजिन चालवून गरम करायचं, बंद केल्याबरोबर दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवून अर्थ करायच्या (नाहीतर सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जायची भीती), थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी पाचसहा वेळा ओढायची. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर हेड उघडल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. 'थंडच मोजा, गरमाचं काय' असं विकणारा म्हणाला तर कारण समजून घ्या.

खालच्या सिलिंडरमध्ये नवी लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) ठोकली होती. काम दिसायला स्वच्छ, पण पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा घासून गोल केलेल्याच नव्हत्या. टू-स्ट्रोकमध्ये रिंग दर फेरीला पोर्टवरून जाते. कड धारदार राहिली की रिंग तिथे अडकते आणि तुकडा पडतो. शिवाय रिंगेची तोंडं खाचेतल्या पिनेवर बसलेली नव्हती. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझचा आकडा असतो, तो दोन्ही पिस्टनांवर वाचून घ्यावा. पाऊण मिलिमीटर रुंद रिंग-गॅप (रिंगेच्या दोन तोंडांतली फट) बघून 'चालतं हो' म्हणणारे मिस्त्री आहेत. साधारण 75 मिलिमीटरच्या बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) तो 0.3च्या आसपास हवा.

इंपेलर 'नवा' होता, म्हणजे जुनाच उलटा बसवलेला. वर्षभर एका बाजूला वाकून राहिलेल्या पाती उलट्या फिरवल्या की ताठ वाटतात, पाण्याची धारही जोरात येते. मग त्या मुळाशी तडकतात. पिंपात इंजिन मंद चालतं, लोड नसतो, तेवढ्याला पाणी पुरतं. बोटाने पाती मुळापर्यंत वाकवून बघा, बारीक चिरा लगेच दिसतात. या इंजिनात भर म्हणून एक्झॉस्ट कव्हर आतून खाऱ्या पाण्याने खाल्लेलं होतं आणि तिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला होता. रंग ताजा दिसला की चाकूच्या टोकाने न दिसणाऱ्या जागी ओरखडा काढा. अॅल्युमिनियम चमकतं, लांबीची भुकटी पडते. पाणी कमी, गॅस्केट जुनं, लांबी सुटलेली. खालचा पिस्टन तिथेच पकडला.

गिअरकेस (पंख्याजवळची गिअरची पेटी) तर शांत चालत होती. ऑइलच्या जागी ग्रीस कोंबलं होतं! ग्रीसमुळे दात तुटलेल्या गिअरचा आवाज दबतो आणि फाटक्या सीलमधून गळतीही दिसत नाही. पण ते बेअरिंगपर्यंत वाहत जात नाही, म्हणून बेअरिंग जळतं. तिथे एसएई 90 गिअर ऑइलच हवं, आणि तेही खालच्या स्क्रूतून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. बघायची पद्धत सोपी: इंजिन चालवून रात्रभर उभं ठेवा, सकाळी खालचा स्क्रू थोडा ढिला करा. पाणी शिरलं असेल तर ऑइलच्या आधी तेच येतं. दुधाळ ऑइल आलं तरी सील गेलं असं धरा.

पंख्याची (प्रोपेलरची) गोष्ट निराळी. त्याच्या हबमधलं, म्हणजे मधल्या भागातलं, रबर सुटलं असेल तर पिंपात काहीच कळत नाही. खाडीत इंजिन नुसतं ओरडतं, होडी जागची हलत नाही. हब आणि पंखा यांवर रंगाची एक सरळ रेघ मारा, पूर्ण थ्रॉटलला चालवून आणा. रेघ तुटली तर रबर गेलं.

फ्लायव्हीलखाली तांब्यावर हिरवं आणि मिठाची पांढरी पूड सापडली. म्हणजे हे कधीतरी समुद्रात बुडालेलं होतं. निसर्ग (3 जून 2020) आणि तौक्ते (मे 2021) या वादळांनी कोकणातल्या होड्यांचं मोठं नुकसान केलं. बुडालेलं इंजिन काही तासांत गोड्या पाण्याने धुऊन ऑइल मारलं नाही तर क्रँकच्या रोलरना खड्डे पडतात. फ्लायव्हीलखालचे स्टेटर (स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या तांब्याच्या कॉइली) असे मिठाने खाल्लेले असले की थंडपणी स्पार्क देतात आणि गरम झाल्यावर बंद पडतात.

म्हणून व्यवहार असा ठेवा: निम्मे पैसे आधी, उरलेले खाडीत अर्धा तास लोडवर चालवल्यानंतर. बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीतून परत मागा. पावतीवर ब्रॅकेटवरच्या पाटीचा नंबर लिहून घ्या, पाटी नसेल तर इंजिन चोरीचंही असू शकतं. मिस्त्रीने कामात फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

या इंजिनातून शेवटी ब्रॅकेट, फ्लायव्हील, टिलर आणि कार्बोरेटर एवढं वाचलं. ब्लॉक अॅल्युमिनियमच्या भावाने किलोवर जाईल. देण्याआधी त्यावर घण घालून तो फोडा, नाहीतर पुढच्या जुलैत तोच ब्लॉक नव्या रंगात पिंपाशी उभा असेल.