सेल्फ-अलाइनिंग बॉल, स्फेरिकल रोलर की यूसीपी ब्लॉक: तुमच्या शाफ्टला कोणतं बेअरिंग?

पंखा असो, कन्व्हेयर असो की लांबलचक लाइन शाफ्ट, वाकडेपणा सांभाळून घेणारं बेअरिंग निवडायचं ठरलं की बहुतेक जण कॅटलॉगमध्ये आधी एकच आकडा शोधतात: किती अंशांपर्यंत चालेल? माझं ठाम मत आहे की निवड या आकड्यावर करू नये. एक अंश म्हणजे शाफ्टच्या दर मीटर लांबीला साधारण साडेसतरा मिलिमीटरचा फरक. दोरी लावून हाउसिंग बसवणाऱ्या फिटरकडूनही एवढी चूक होत नाही. दुसरीकडे साधं, खोल खाचेचं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग 2 ते 10 मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनापलीकडे टिकत नाही, आणि 2 मिनिटं म्हणजे मीटरला जेमतेम 0.6 मिलिमीटर. वेल्डिंग केलेल्या फ्रेमवर, वेगवेगळ्या पायांवर उभ्या केलेल्या दोन हाउसिंगमध्ये इतकी अचूकता मिळणं अवघड. यंत्राची खरी गरज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि इथे तुलनेला घेतलेली तिन्ही बेअरिंगं ती भागवतात.

मग निवड ठरते तीन प्रश्नांवर. भार किती? वाकडेपणा एका जागी स्थिर आहे की शाफ्टबरोबर फिरतोय? आणि शाफ्ट तापून लांबला तर सरकायला जागा कुठे आहे?

कोन नेमका कुठे सांभाळला जातो

सेल्फ-अलाइनिंग बॉल बेअरिंग 1907 साली स्वीडनमधल्या स्वेन विंगक्विस्ट यांनी तयार केलं. गोटेनबर्गच्या ज्या कापड गिरणीत ते काम करत, तिथली जमीन चिकणमातीची. ती खचली की लाइन शाफ्टची ओळ बिघडायची आणि बेअरिंगं जायची. त्यांनी बाहेरच्या रिंगची रेस, म्हणजे बॉल फिरतात ती वाट, एका गोलाच्या आतल्या पृष्ठभागासारखी केली आणि आतल्या रिंगवर बॉलच्या दोन रांगा बसवल्या. आतली रिंग, बॉल आणि त्यांना अंतरावर धरणारा केज मिळून त्या गोलात हवं तसं कलू शकतात. त्याच वर्षी एसकेएफ कंपनी सुरू झाली. पुढे 1919 मध्ये त्याच कंपनीच्या आर्विड पाल्मग्रेन यांनी ही कल्पना रोलरवर नेली: बॉलच्या जागी पिंपासारखे मधे फुगीर रोलर. ते झालं स्फेरिकल रोलर बेअरिंग.

यूसीपी ब्लॉकमध्ये, म्हणजे इन्सर्ट बेअरिंगमध्ये, गोष्ट वेगळी आहे. आत साधं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंगच असतं. गोलाई दिलेली असते ती बाहेरच्या रिंगच्या पाठीला, आणि ती बिडाच्या हाउसिंगमधल्या तशाच गोल बैठकीत बसते. जोडणीच्या वेळी ते साधारण 5 अंशांपर्यंत कलतं. नंतर ग्रीस भरायचं असेल तर 2 अंशांच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर ग्रीसचं भोक हाउसिंगमधल्या खाचेसमोर राहत नाही. पण एकदा बोल्ट आवळून यंत्र सुरू झालं की बाहेरची रिंग त्या बैठकीत जवळजवळ घट्ट असते. चालत्या यंत्रात ती फेरीगणिक डोलत नाही.

कॅटलॉगमधल्या 5 अंशांकडे पाहून यूसीपी सगळ्यांत लवचीक वाटतं, पण शाफ्टच वाकलेला असेल तर तेच सगळ्यांत आधी हार मानतं. हाउसिंग तिरकं बसलं असेल तर तो वाकडेपणा स्थिर असतो. एकदा जुळवून घेतलं की काम झालं. शाफ्ट वाकलेला असेल किंवा त्याची बेअरिंगची जागा तिरकी टर्न झाली असेल, तर कोन दर फेरीला दिशा बदलतो. असा फिरता वाकडेपणा सोसायचा तर बेअरिंगच्या आतच हालचाल व्हायला हवी. त्यात सेल्फ-अलाइनिंग बॉल सगळ्यांत पुढे. स्फेरिकल रोलरला तो चालतो, पण कमी, आणि घर्षण वाढून बेअरिंग तापतं. त्याचे कॅटलॉगमधले 1 ते 2.5 अंश स्थिर कोनासाठी असतात.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे, हे आधीचं गेलेलं बेअरिंग सांगतं. ते फेकू नका. डीप ग्रूव्ह असेल तर कापून उघडा आणि रेसवरचा बॉलचा चकाकता पट्टा पाहा. स्थिर असलेल्या बाहेरच्या रिंगवर पट्टा तिरका, एका कडेकडून समोरच्या बाजूला दुसऱ्या कडेकडे गेलेला दिसला आणि आतल्या रिंगवर तो नुसता रुंद झालेला असेल, तर हाउसिंग तिरकं होतं. उलट आतल्या रिंगवर पट्टा तिरका आणि बाहेरच्या रिंगवर रुंद असेल, तर दोष शाफ्टमध्ये आहे. दुसऱ्या बाबतीत यूसीपी लावून काहीच सुटणार नाही. आधी शाफ्टला डायल गेज लावून तो किती वाकडा फिरतो ते पाहा.

भाराचा हिशेब

50 मिमी बोअरची (आतल्या भोकाची) तीन बेअरिंगं शेजारी ठेवू. 1210 म्हणजे सेल्फ-अलाइनिंग बॉल, यूसी 210 म्हणजे इन्सर्ट, 22210 म्हणजे स्फेरिकल रोलर. तिघांच्याही नंबरातला शेवटचा 10 पाचने गुणला की बोअर मिळतो. डायनॅमिक भारक्षमता ढोबळमानाने 1210 ची 26 किलोन्यूटन, यूसी 210 ची 35 आणि 22210 ची 100. कंपनीप्रमाणे आकडे थोडे हलतात.

सेल्फ-अलाइनिंग बॉल सगळ्यांत कमी का, हे त्याच्या रचनेतच आहे. डीप ग्रूव्हमध्ये बॉल खाचेला बिलगून बसतो. इथे बाहेरची रेस मोठ्या गोलाचा भाग असल्यामुळे बॉल तिच्यावर अगदी लहानशा जागेत टेकतो आणि तिथला दाब वाढतो. स्फेरिकल रोलरमध्ये रोलरची फुगीर बाजू रेसशी लांबवर जुळते, म्हणून भार पसरतो.

आता समजा बेअरिंगवर 5 किलोन्यूटन भार आहे आणि वेग मिनिटाला 1450 फेरे. आयुष्याचं नेहमीचं सूत्र, भारक्षमता भागिले भार, बॉलसाठी तिसरा घात आणि रोलरसाठी 10/3 घात, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत. 1210 ला मिळतात सुमारे 1600 तास. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात म्हणजे दोन महिन्यांच्या थोडंसं पुढे. यूसी 210 ला सुमारे 3900 तास. 22210 ला अडीच लाखांच्या आसपास. शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढं तरी टिकतील, असा या आकड्यांचा अर्थ. धूळ, ओलावा आणि ग्रीसची हेळसांड प्रत्यक्षात त्यांना खाली खेचतात, पण सोळाशे आणि अडीच लाख यांतलं अंतर कुठल्याही काळजीने भरून निघत नाही.

इथे थांबलात तर दर वेळी स्फेरिकल रोलरच निवडाल, आणि जागोजागी हीच चूक होते. भार 5 च्या जागी 0.8 किलोन्यूटन करून पाहा. 1210 चं आयुष्य चार लाख तासांच्या घरात जातं. 22210 पुढे मात्र वेगळीच अडचण येते. रोलरला फिरत राहण्यासाठी रेसची पकड लागते, आणि त्यासाठी किमान भार हवा. ढोबळ नियम भारक्षमतेच्या 1 ते 2 टक्क्यांचा, म्हणजे इथे 1 ते 2 किलोन्यूटन. त्याच्या खाली रोलर रेसवर फिरण्याऐवजी घसरतात, तेलाचा थर फाटतो, पृष्ठभाग ओरखडले जातात. मोठं बेअरिंग लावूनही पुन्हा पुन्हा जातंय, अशी तक्रार हलक्या आणि वेगवान पंख्यांवर ऐकू आली की मला पहिला संशय याच गोष्टीचा येतो. हलक्या भाराला आणि जास्त वेगाला सेल्फ-अलाइनिंग बॉलच योग्य. त्याचं घर्षण कमी, ते थंड चालतं.

शाफ्टच्या दिशेने येणाऱ्या भाराचं थोडक्यात: स्फेरिकल रोलर तो दोन्ही बाजूंनी चांगला पेलतं. सेल्फ-अलाइनिंग बॉलकडून त्याची फार अपेक्षा ठेवू नका. यूसीपीत तो भार शेवटी आतली रिंग शाफ्टवर धरणाऱ्या ग्रब स्क्रूच्या पकडीवर येतो, हे लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

शाफ्ट लांबतो तेव्हा

पोलादाचा एक मीटर दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.012 मिमी लांबतो. दोन मीटरचा शाफ्ट फ्रेमपेक्षा 40 अंशांनी जास्त तापला तर जवळपास एक मिलिमीटर. या मिलिमीटरला कुठेतरी जागा द्यावीच लागते. प्लमर ब्लॉकमध्ये, म्हणजे सेल्फ-अलाइनिंग बॉल किंवा स्फेरिकल रोलर ज्यात बसवतात त्या वेगळ्या हाउसिंगमध्ये, ती सोय आहे: एका टोकाला बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोकेटिंग रिंगा घालून ते पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाच्या रिंगा काढून बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकतं ठेवायचं. दोन्ही टोकांना रिंगा घातलेल्या सापडणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी कोन सांभाळायची सगळी सोय असूनही बेअरिंग शाफ्टच्या दिशेने येणाऱ्या दाबाने मरतं.

यूसीपीच्या नेहमीच्या जोडणीत सरकायची सोय नसते. म्हणून आखूड, थंड, हलक्या कामाचे शाफ्ट ही त्याची खरी जागा: पिशव्या वाहणारे छोटे कन्व्हेयर, शेतीची अवजारं, लहान ब्लोअर. तिथे त्याला तोड नाही. सील आधीपासून आत आहे, ग्रीस भरलेलं आहे, एका ब्लॉकला दोन बोल्ट, दोन ग्रब स्क्रू आणि यंत्र सुरू. शाफ्टवर ग्रब स्क्रूखाली जागा थोडी सपाट करून घ्या, नाहीतर स्क्रूने उठवलेल्या धातूच्या बरमुळे पुढच्या वेळी बेअरिंग निघता निघत नाही.

लांब, गरम शाफ्टसाठी चौथा पर्यायही आहे: टोरॉइडल रोलर बेअरिंग, 1995 पासून कार्ब नावाने आलेलं. ते रिंगांच्या आतल्या आतच सरकून लांबी सांभाळतं, कोन मात्र अर्ध्या अंशाच्या आसपासच. कागद कारखान्यातल्या वाफेने तापणाऱ्या रोलसारख्या ठिकाणी एका टोकाला स्फेरिकल रोलर आणि दुसऱ्याला हे, अशी जोडी उत्तम जमते. टर्बाइनसारख्या मोठ्या यंत्रांतली तेलाच्या थरावर तरंगणारी, पॅड आपोआप कलणारी बेअरिंगं हा वेगळाच प्रांत आहे. इथल्या तिघांशी त्यांची स्पर्धा नाही. आणि दुकानात स्फेरिकल म्हणून कधी कधी जे रोलर नसलेलं, गोल बसकणीचं प्लेन बेअरिंग पुढे येतं, ते झुलणाऱ्या सांध्यांसाठी असतं. सतत फिरणाऱ्या शाफ्टवर ते लावू नका.

बसवणारा कोण आहे, तेही पाहा

प्लमर ब्लॉकमधली दोन्ही बेअरिंगं बहुधा 1:12 टेपर बोअरची असतात आणि ॲडॉप्टर स्लीव्हवर लॉकनटने आवळली जातात. किती आवळायचं, यात दोघांचा स्वभाव वेगळा. सेल्फ-अलाइनिंग बॉलला हाताचा अंदाज पुरतो: नट थोडा थोडा आवळत बाहेरची रिंग हाताने फिरवायची आणि कलवायची. फिरवताना ती मोकळी, पण कलवताना किंचित अडते आहे असं जाणवलं की थांबायचं. स्फेरिकल रोलरला हातावर विश्वास ठेवू नका. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) रोलर आणि बाहेरच्या रिंगमधली फट आवळण्याआधी मोजा आणि नंतर मोजा; 40 ते 50 मिमी बोअरला ती 0.025 ते 0.030 मिमीने कमी झालेली हवी. आवळणं कमी पडलं तर आतली रिंग स्लीव्हवर घसरते, जास्त झालं तर फट संपून बेअरिंग तापतं. ज्या ठिकाणी फीलर गेज नाही आणि मोजून बसवणारा माणूस नाही, तिथे स्फेरिकल रोलरची वाढीव ताकद कागदावरच राहते.

सीलही विसरू नका. बेअरिंग दीड अंश सोसेल, पण हाउसिंगचं लॅबिरिंथ सील (शाफ्टला न टेकता अरुंद फटीने धूळ अडवणारं) अंशाच्या छोट्याशा भागालाच घासू लागतं. रबरी ओठाच्या सीलला साधारण एक अंश चालतो. कपलिंगचं तर वेगळंच. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर ती चूक कुठलंही बेअरिंग दुरुस्त करत नाही, ते फक्त तक्रार न करता थोडे दिवस जास्त चालतं.

भार नक्की माहीत नाही, यंत्र अजून उभं व्हायचंय आणि निर्णय आजच द्यायचाय, अशी अडचण असेल तर एक सोय आहे. सेल्फ-अलाइनिंग बॉलमधलं रुंद 2210 आणि स्फेरिकल रोलर 22210, दोघांचं माप एकच: 50 × 90 × 23 मिमी. टेपर बोअरमध्ये दोघांना तीच एच 310 स्लीव्ह लागते, 45 मिमीचा तोच शाफ्ट, तेच 510 मापाचं हाउसिंग आणि त्याच जाडीच्या लोकेटिंग रिंगा. आज 2210 बसवा, यंत्र चालवून ड्राइव्ह बेल्टचा ताण आणि तापमान पाहा. भार जास्त निघाला तर पुढच्या शटडाउनला हाउसिंग न हलवता 22210 बसेल.