७० मिलिमीटरची दुर्बीण, डिचोलीच्या गच्चीवरून

पाऊस सरल्यावर ही दुर्बीण घेतली. भिंग ७० मिलिमीटरचं, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथवरचं) ७०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट मोठं दिसतं. गॅलिलिओची सुमारे २० पट दाखवायची, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच रात्री गुरू लावला. पिवळसर चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार बारीक ठिपके! दुसऱ्या रात्री तीनच, तेही जागा बदललेले. इटलीतल्या पादुआत ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओलाही आधी तीनच दिसले होते. चौथा १३ तारखेला. रात्रीमागून रात्री चित्रं काढत त्याने ओळखलं, हे गुरूचे चंद्र, त्याच्याभोवती फिरतात. सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं या समजाला तिथे तडा गेला. पुढे पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडल्याबद्दल १६३३चा खटला, मरेपर्यंत नजरकैद, आणि शेवटी दृष्टीही गेली. हे ऐकून सासूबाई कितीतरी वेळ नेत्रिकेवरून डोळा काढीनात.

तिपाई मात्र तकलादू. फोकस फिरवला की गुरू थरथरतो; मी मधोमध रेतीची पिशवी टांगली, मग बरं झालं. आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, तेव्हा डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेल ठेवाच.