पेन्सिल सेलवर चालणारा स्वस्त कॅमेरा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

वारंवार बंद पडणाऱ्या माझ्या कॅमेऱ्याचा मुख्य बोर्ड बदलावा लागेल आणि त्याला २८०० रुपये पडतील, असे दुरुस्ती केंद्रात सांगण्यात आले, तेव्हा ४३०० रुपयांच्या वस्तूवर एवढा खर्च करण्यास मी नकार दिला. तो नकार योग्य होता हे पुढे पंधरा दिवसांनी कळले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मेगापिक्सेल, झूम वगैरे माहिती खोक्यावर असतेच. मला लिहायचे आहे ते सेलबद्दल.

डिसेंबरमध्ये हा कॅमेरा घेताना पेन्सिल सेल हेच मुख्य कारण होते, कारण ते कोणत्याही गावात मिळतात आणि स्वतंत्र बॅटरी बिघडल्यास ती शोधत फिरावे लागत नाही. प्रत्यक्षात अल्कलाइन सेलच्या साठ रुपयांच्या जोडीवर जेमतेम चाळीस फोटो निघत. साताऱ्याला भाचीच्या लग्नात ऐन अक्षता पडत असताना लेन्स अर्धवट बाहेर आली आणि कॅमेरा बंद पडला; धावत जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेल्या साध्या सेलवर सात फोटो निघाले, तेही फ्लॅशशिवाय. तो क्षण परत मिळणार नाही, याचे दुःख मला आजही आहे. चार महिन्यांत सेलवर सातशे रुपयांहून अधिक खर्च झाला आणि हा कॅमेरा घेऊ नका, असे मी दोन परिचितांना सांगितले. तो सल्ला मी आता मागे घेतो.

कॅमेऱ्याने बाद ठरवलेले सेल मी भिंतीवरच्या घड्याळात घालत असे आणि तेथे ते महिनोन् महिने चालत, यावरून मला प्रथम शंका आली. सेल रिकामे झालेले नव्हते. लेन्सची मोटर फिरताना किंवा फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम मोठा प्रवाह ओढतो, त्या वेळी अल्कलाइन सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) झपाट्याने खाली येतो आणि सेल संपले असे समजून कॅमेरा बंद होतो. घड्याळाला नाममात्र प्रवाह लागत असल्याने त्याचे काम भागते. निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा असला तरी जोर पडल्यावर तो दाब बराच टिकवून धरतो. म्हणून चार सेल आणि चार्जर मिळून नऊशे रुपये खर्च केले.

तरीही साठ फोटोंनंतर सेल संपल्याची खूण दिसू लागली, तेव्हा मी खरोखर निराश झालो. मग माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचल्यावर मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय सापडली. तेथे ‘अल्कलाइन’ असे होते, ते बदलले. त्या दिवसापासून एका चार्जवर अडीचशेच्या आसपास फोटो निघत आहेत. बोर्ड बदलायला सांगणाऱ्यांनी मी कोणते सेल वापरतो, एवढे तरी विचारायला हवे होते, हा माझा राग अद्याप गेलेला नाही.

फोटोंविषयी थोडक्यात सांगायचे तर घरात, संध्याकाळच्या उजेडात ते दाणेदार येतात. जवळून मात्र हा कॅमेरा फार चांगले काम करतो. सेन्सर लहान असल्याने फुलाचा पुढचा-मागचा बराच भाग एकाच वेळी स्पष्ट राहतो. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर धुक्यात टिपलेली ‘सीतेची आसवे’ ही रानफुले मी मोठी छापून घेतली आहेत.

सेलच्या दोन जोड्यांवर मी शाईने ‘अ’ आणि ‘ब’ लिहिले आहे, कारण कमी-जास्त भरलेले सेल एकत्र घातल्यास दुबळा सेल आधी संपतो आणि दुसऱ्यातली शक्ती वाया जाते. आता काळजी आहे ती सेलच्या खणाच्या झाकणाची. त्याची प्लास्टिकची खिट्टी झिजत आली आहे आणि तो भाग सुटा मिळत नाही असे उत्तर मिळाले आहे. त्यामुळे जोडी पूर्ण संपल्याशिवाय मी ते झाकण उघडत नाही.