अंकी, आठ महिन्यांनंतर: शब्द ओळखीचे झाले, तोंडात किती आले?

कामापुरतं इंग्रजी येत होतं, पण मोठा लेख वाचताना दर परिच्छेदाला एखादा शब्द अडायचाच. म्हणून अंकी हे शब्दकार्डांचं ॲप सुरू केलं: कार्डाच्या पुढे शब्द, मागे अर्थ. (जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. नाव प्रामाणिक आहे.) कार्ड आठवलं की ॲप ते आणखी लांबच्या तारखेला ढकलतं, विसरलात की लगेच पुन्हा समोर आणतं.

पहिली चूक माझीच. हजारो शब्दांचा एक तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवला आणि रोजची 20 नवी कार्डं ही मूळ सेटिंग तशीच ठेवली. महिन्याभरात रोजची नुसती उजळणीच दीडशे कार्डांच्या वर गेली. त्यात तापाने आठवडाभर पडून होतो. उठून बघतो तर शेकडो कार्डं तुंबलेली! आता रोज 5, त्यापुढे जात नाही.

खरी गोम कळायला चार महिने लागले. 'मिटिगेट' म्हणजे सौम्य करणं, हे कार्ड दिसताक्षणी सांगायचो. पण एका मेलमध्ये 'मिटिगेट द प्राइस' लिहून मोकळा झालो. मिटिगेट करतात ती जोखीम, नुकसान, परिणाम, किंमत नव्हे. कार्डावर अर्थ होता, शब्दाचे सोबती नव्हते. त्याच दिवशी तो डेक उडवला. आता वाचताना भेटलेलं वाक्यच कार्डावर टाकतो आणि शब्दाच्या जागी गाळलेली जागा ठेवतो. एका कार्डाला दोन मिनिटं जातात, पण तेवढ्यात निम्मं पाठांतर होऊन जातं.

उच्चाराचा आवाजही जोडा. मी कित्येक वर्षं 'एपिटोम' म्हणत होतो. ते 'इपिटमी' आहे.

काही शब्द मात्र छळतात. 'इन्जीनियस' म्हणजे कल्पक, 'इन्जेन्युअस' म्हणजे भाबडा, आणि स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा. उजळणीत आठदा चुकलात की अंकी कार्डावर 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतं. माझी दोन्ही कार्डं जळवा निघाली. मग 'डिसइन्जेन्युअस', म्हणजे भोळेपणाचा आव आणणारा, हा शब्द आधी पक्का केला आणि त्याच्या मागून 'इन्जेन्युअस' आपोआप बसला.

स्वतः केलेली साडेचारशे कार्डं झालीत. वाचताना अडखळणं खूपच कमी झालंय. बोलताना मात्र त्यातले चाळीस-पन्नासच आपणहून येतात, तेही बहुतेक आधी कुठेतरी लिहून वापरलेले. 'इन्जीनियस' अजून जळूच आहे.